बॉनेटवरचे बारा चौकोन

माझ्या बायकोच्या मामांइतका निःपक्षपाती माणूस मुंबईच्या उपनगरांत दुसरा सापडायचा नाही, आणि निव्वळ त्यामुळेच त्यांच्या घरात आजवर एकही वस्तू वेळेवर आलेली नाही. मामा आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटे काटे जप्त करायचे. नोकरी संपली, पण तपासायची सवय त्यांच्याबरोबर घरी आली. पंखा घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी मुलुंडच्या तीन दुकानांत प्रत्येकी तासभर पंख्याखाली बसून वारा घेतला आणि चौथ्या दुकानातला वारा घ्यायचा राहिला म्हणून रिकाम्या हाती परत आले. तोवर उन्हाळा संपला होता. मिक्सरच्या वेळी तर त्यांनी एकाच नारळाची दोन भकलं दोन शेजाऱ्यांच्या मिक्सरांतून वाटून आणली आणि मामींच्या डोळ्यांना रुमाल बांधून दोन्ही चटण्या चाखायला दिल्या. मामी म्हणाल्या, "दोन्हीत मीठ नाहीये." हा निकाल मामांनी ग्राह्य धरला नाही. पुढचं अख्खं वर्ष मामी पाट्यावर वाटत होत्या.

माझं लग्नही ह्याच तपासणीतून पार पडलं. बायकोचे वडील लवकर गेले, त्यामुळे स्थळं बघायचं काम मामांकडे आलं. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले होते. एकात मी, दुसऱ्यात बोरिवलीचा कुणी इंजिनियर. उंचीत तो पुढे, पगारात तो पुढे, केसांत तर तुलनाच नको. तरीही मी अर्ध्या मार्काने जिंकलो, आणि का जिंकलो हे मला तब्बल अकरा वर्षांनी कळलं. "तुम्ही चहाचा कप धरलात ना, तेव्हा बशी जरासुद्धा वाजली नाही," मामा म्हणाले. "तेव्हाच म्हटलं, हा हात कामाचा आहे." हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या पार्किंगमध्ये वाकून उभा होतो आणि माझ्या त्या कामाच्या हातात बॅटरी होती.

त्या बॅटरीची हकिकत अशी. मामांची गाडी काळी. त्यांच्या सोसायटीत गाड्या पुसणारा गृहस्थ एकच बादली आणि एकच फडकं घेऊन रोज सकाळी चाळीस गाड्या पुसतो. त्या फडक्यातल्या धुळीने रंगावर बारीक गोल गोल ओरखडे उठतात. ते सावलीत दिसत नाहीत. गाडी उन्हात उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. तुमच्याआमच्यासारखी माणसं ते बघून न बघितल्यासारखं करतात आणि गाडीत बसतात. मामा एका रविवारी ते बघून उकिडवे बसले आणि जवळजवळ अडीच वर्षं उठले नाहीत म्हटलं तरी चालेल.

हे ओरखडे घालवायला एक पॉलिशचं यंत्र मिळतं, त्याला डीए म्हणतात. साध्या यंत्राची चकती नुसती गरागरा फिरते आणि हात चुकला तर रंग जाळून टाकते. डीएची चकती स्वतःभोवती फिरते आणि फिरता फिरता लहानशा वर्तुळात सरकतही राहते. मामींनी एका वाक्यात सांगितलं, "फुगडी घालता घालता अंगणभर सरकतात ना बायका, तसं." ही यंत्रं अनेक जातींची असतात. कुणाचं वर्तुळ आठ मिलिमीटरचं, कुणाचं पंधरा, कुणाचं एकवीस. कुणाची चकती दाबली की थांबते, कुणाची काही केल्या थांबत नाही. म्हणजे तुलनेला केवढा वाव! मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी प्रसन्नता आली, ती मी त्यांच्या सख्ख्या मुलाच्या लग्नातही पाहिली नव्हती.

यंत्रं पुरवायला भाऊ होते. भाऊ म्हणजे मामांचे बालमित्र. एका गावचे, एका शाळेचे, पुढे लालबागच्या एकाच चाळीत वाढलेले. दोघांचेही वडील गिरणीत. मामा सरकारी नोकरीत गेले आणि त्यांची भाषा फायलीसारखी झाली. भाऊ गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये शिरले आणि त्यांची मालवणी तशीच राहिली. घाटकोपरला त्यांचं गॅरेज आहे. दरवर्षी गणपतीला हे दोघे मामांच्या गाडीतून गावी जात. गाडी भाऊ चालवत आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची खोली मामा मोठ्याने सांगत. तीस वर्षांत हा क्रम चुकलेला नव्हता.

भाऊ सहा-सात महिन्यांनी एकेक यंत्र आणून द्यायचे. मामांनी बॉनेटवर टेपच्या पट्ट्या चिकटवून बारा चौकोन पाडले. यंत्र बदललं की नवा चौकोन, फोमची गादी बदलली की नवा चौकोन, आणि मागच्याचा निकाल मनासारखा लागला नाही तर तोच चौकोन पुन्हा. हाताने यंत्रावर जोर किती द्यायचा हे पक्कं व्हावं म्हणून मामा स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर ठेवून त्यावर तळहात दाबायचा सराव करत. ही सवय इतकी अंगात मुरली की भाजीवाल्याकडे टोमॅटो बघतानाही ते नकळत तेवढाच जोर देत. भाजीवाला त्यांना लांबून बघूनच टोमॅटोंवर गोणपाट टाकायचा.

यंत्राची वायर दुसऱ्या मजल्यावरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली सोडलेली असे. म्हणजे मिक्सरचं बटण अडलेलं. वरून मामींची हाक यायची, "अहो, तुमचं घासून झालं की सांगा, माझी चटणी अडकलीये!" दसऱ्याला गाडीची पूजा करायची तर मामांनी कुंकवालाही मनाई केली. बोटाला धूळ असते, धुळीने ओरखडा उठतो, हे त्यांनी मामींना बॅटरी लावून समजावलं. "गाडीला कुंकू नको? मग काय नुसता लांबून नमस्कार करू तिला?" मामी म्हणाल्या. तीन दसरे त्यांनी गाडीचं कुंकू नारळाला लावलं.

माझं काम बॅटरी धरायचं. मी त्यांच्यापासून दोन इमारती सोडून राहतो, त्यामुळे सुटका नव्हती. इमारतीखालचं पार्किंग दिवसाही काळोखं. मामा एक चौकोन घासत, पुसत, चष्मा काढून, घालून, मान वाकडी करून बघत. मी तिरकी बॅटरी धरे. मग मामा उसासा सोडत. "ओरखडे गेले. पण धुकं राहिलं." यंत्र नीट चाललं नाही तर घासलेल्या रंगावर एक अंधूक, दुधट झाक उरते म्हणतात, ते हे धुकं. "दिसतंय ना, जावईबापू?"

आता इथे मला खरं सांगितलंच पाहिजे. मला धुकं कधीच दिसलं नाही. पहिल्या चौकोनात दिसलं नाही, सातव्यात दिसलं नाही. मला दिसायचा तो आरशासारखा काळा रंग आणि त्यात बॅटरी धरून उभा असलेला, केस गेलेला एक इसम. पण मी स्वभावाने भिडस्त. मामांनी दोन नंबरच्या यंत्राबद्दल वहीत लिहिलं होतं, "जरा दाबलं की फिरणं थांबतं," ते वाचून मला उगाच त्या यंत्राविषयी आपुलकी वाटली होती. त्यातून मामी दर रविवारी घावणे करत, आणि "धुकं आहे" म्हटलं की तपासणी संपून आम्ही लवकर वर जात असू. "नाही" म्हटलं असतं तर मामांनी पुन्हा पहिल्यापासून दाखवलं असतं. तेव्हा मी म्हणायचो, "हो मामा. आहे थोडंसं." मामा वहीत लिहायचे, "धुकं शिल्लक. साक्षीदार : जावई." अकरा चौकोन, आणि दरवेळी हेच वाक्य.

बाराव्या चौकोनाला भाऊ स्वतः घासायला आले. जानेवारीतला रविवार होता. चार यंत्रं नापास झाल्यावर भाऊंना राहवलं नाही. जे यंत्र ते स्वतः वापरायचे, ज्याला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता, ते जुन्या पंच्यात गुंडाळून घेऊन आले. त्यांनी शर्ट काढून ठेवला, बनियनवर उभे राहिले आणि अर्धा तास तो वीतभर चौकोन असा घासला की खरं सांगतो, बघत राहावं. जोर नाही, घाई नाही. पुसल्यावर त्यात वरच्या पाइपावर बसलेलं कबुतर दिसत होतं, आणि कबुतराचा डोळाही दिसत होता. मामी घावण्यांची थाळी घेऊन खाली आल्या होत्या, त्यासुद्धा म्हणाल्या, "आई गं!"

मामा वाकले. चष्मा काढला. घातला. बराच वेळ बघितलं.

"भाऊ," ते म्हणाले, "धुकं आहे."

"खंय आसा?"

"हे काय. सगळीकडे आहे."

"मेल्या, चाळीस वर्षा गाडयो रंगवतंय मी! माका शिकवतंस?"

"तुझ्या कौशल्याचा प्रश्न नाही. यंत्र सदोष आहे. मी साक्षीदाराला विचारतो." मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, खरं सांगा. धुकं आहे की नाही?"

माझ्या तोंडात घावणा होता. भाऊ माझ्याकडे बघत होते. सगळ्या आयुष्यात माझ्या एका शब्दाला कधी किंमत आली असेल तर ती तेव्हा. मी घास गिळला आणि रोजचं वाक्य बोललो.

"आहे. किंचित."

भाऊंनी यंत्र पंच्यात गुंडाळलं, शर्ट चढवला. मामींनी पुढे केलेल्या थाळीला हात लावला नाही. फाटकापाशी जाऊन मात्र वळले. "पयले डोळे तपासून घे मेल्या. दोघवांनीय!" म्हणाले आणि गेले.

मामा घरी येऊन म्हणाले, "येईल चार दिवसांत." भाऊ आले नाहीत. मामांनीही फोन केला नाही, कारण नापास झालेल्या दुकानदाराला निरीक्षकाने फोन करायची पद्धत नव्हती. फेब्रुवारी गेला, मे गेला. मामा वही काढून बसायचे, पण नवं यंत्र आणणारं कुणी नव्हतं. मी रविवारी जायचो, घावणे खायचो, आणि ते मला गोड लागत नसत. दोन-तीनदा सांगून टाकावं असं जिभेवर आलं. पण अकरा वेळा खोटं बोललेल्या माणसाला बाराव्याबद्दल कबुली द्यायची तर मागची सगळी वही फाडावी लागते. मी गप्प राहिलो. मला स्वतःची लाज वाटत होती आणि मी तिला भीड असं नाव दिलं होतं.

गणपतीला मामा-मामी मुलाच्या गाडीतून गावी गेले. भाऊ वेगळे गेले. गाव एवढंसं, त्यात दोघे एकमेकांना चुकवत वेगवेगळ्या वेळी ओढ्यावर जायचे म्हणे. आरतीच्या वेळी मामा मूर्तीकडे बघून मामींच्या कानात पुटपुटले, "यंदा मूर्तीचं रंगकाम बिघडलंय. धुकट आहे." मामींनी मूर्तीकडे पाहिलं. मग समईकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही?"

"समई घासलेली नाही नीट. ज्योतीभोवतीसुद्धा धुकं आहे."

"आणि मी?"

मामांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा प्रामाणिकपणा आड आला. "तूसुद्धा," ते म्हणाले.

मामींनी आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि विसर्जन होताच नवऱ्याला थेट मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणून बसवलं. तिथे मी होतो. मामांनी आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघून छपाई वाईट असल्याचा शेरा मारला. मग तपासणीचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं होतं, ह्याची चौकशी केली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "काका, हनुवटी टेकवा," एवढंच म्हणाल्या. दोन मिनिटांनी त्यांनी दिवा लावला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, काका. उजव्यात चांगलाच पिकलाय. दोन-तीन वर्षांपासून धूसर दिसत असेल, नाही?"

मामांनी हनुवटी तशीच टेकवलेली ठेवली. मी जमिनीकडे बघत होतो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्याने मामांनी मला बोलावलं, काळा चष्मा लावून माझ्याबरोबर खाली पार्किंगमध्ये आले आणि म्हणाले, "बॅटरी." मी बॅटरी धरली. त्यांनी चष्मा काढला. डाव्या डोळ्यावर हात ठेवून पहिला चौकोन बघितला, मग उजव्यावर हात ठेवून बघितला, आणि वहीत लिहिलं. असे बाराही चौकोन. दोन डोळ्यांच्या चोवीस नोंदी. अशी नेमकी तुलना त्यांनी आयुष्यात केली नव्हती. एका रकान्यात बारा वेळा "स्वच्छ", दुसऱ्यात बारा वेळा "धुकं".

"मी नोकरीत होतो तेव्हा," मामा हळू आवाजात म्हणाले, "रोज सकाळी पहिल्यांदा आमचंच वजन आमच्याच काट्यावर ठेवून बघायचो. काटा बरोबर आहे ना, ते बघितल्याशिवाय कुणाच्या दुकानाची पायरी चढलो नाही. आणि इथे अडीच वर्षं..." ते थांबले. मग माझ्याकडे वळले. "तुमचे डोळे तर चांगले आहेत. तुम्हाला धुकं कधीपासून दिसत नव्हतं?"

"पहिल्यापासूनच, मामा."

पार्किंगमध्ये वरच्या पाइपावर कबुतरं घुमत होती.

"काटा खोटा असला तर दुरुस्त करता येतो, जावईबापू," मामा म्हणाले. "साक्षीदाराला कुठे नेणार?"

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तसेच आम्ही घाटकोपरला निघालो. गाडी मी चालवली. मामांनी वाटेत एकही खड्डा मोजला नाही. त्यांच्या खिशात एक कागद होता, सरकारी पद्धतीने लिहिलेला : "सदर यंत्रांत कोणताही दोष आढळला नाही. दोष तपासणाऱ्यात होता." खाली सही आणि तारीख. गॅरेजच्या दाराशी भाऊ गाडीच्या एका दरवाजाला लांबीची पुट्टी भरत बसले होते. त्यांनी मान वर केली. मामा काळा चष्मा काढून, कागद हातात धरून त्यांच्यासमोर उभे राहिले. पण कागद त्यांनी दिलाच नाही. ते नुसते भाऊंच्या तोंडाकडे बघत राहिले. भुवया पांढऱ्या, गालावर रंगाचे शिंतोडे, डोळ्यांखाली सुरकुत्या. मग चाळीस वर्षांची फायलींची भाषा गळून पडली आणि मामा म्हणाले, "भाऊ, किती म्हातारो झालंस रे तू."

"तुका आता दिसला?" भाऊ म्हणाले. त्यांनी हात पुसून एक स्टूल पुढे सरकवलं. "बस. चाय घे."

मी कागद वाचून दाखवायला पुढे झालो, तर भाऊंनी हाताने गप्प केलं. "तू बोलू नको," म्हणाले. ते मी ऐकलं. चहा झाल्यावर भाऊंनी रंगाची जाडी मोजायचं लहानसं यंत्र आणून बॉनेटवर जागोजागी टेकवलं आणि कपाळावर हात मारला. एकेक चौकोन चारचारदा घासून घासून मामांनी वरचा पारदर्शक थर पार संपवत आणला होता. "आता ह्येका मशीन लावशीत तर पत्रो दिसतलो. यापुढे फक्त हातान पूस, मऊ कापडान." अशा रीतीने मामांना उत्तम यंत्र सापडलं, तेव्हा ते चालवायला रंग शिल्लक नव्हता. मामा म्हणाले, "बरं." एवढ्या लवकर त्यांनी कधी कुठली गोष्ट मान्य केल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतरचे रविवार मला कठीण गेले. मामा माझ्याशी नीट वागत, पण काही विचारत नसत. घावणे मिळत, बॅटरी मिळत नसे.

दसऱ्याला भाऊ झेंडूचं तोरण घेऊन आले. मामींनी ताम्हन आणलं, कुंकू भिजवलं, आणि मामांकडे एकदा बघून बोटाने बॉनेटवर मोठं स्वस्तिक काढलं, अगदी बाराव्या चौकोनावर. मामांनी हूं की चूं केलं नाही. तीन वर्षांचं साचलेलं कुंकू होतं ते, मामींनी हात राखून काढलं नाही. काढून झाल्यावर त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "कसं झालंय?"

मामांनी खिशातून बॅटरी काढली आणि माझ्या हातात दिली. "बघा," म्हणाले.

मी बघितलं. समोर मामी उभ्या होत्या, त्यांच्या मागे घावण्यांची थाळी होती. माझा कामाचा हात पहिल्यांदाच थरथरला.

"स्वस्तिकाचा डावा हात वाकडा आलाय, मामा," मी म्हणालो.

"जावईबापू!" मामी ओरडल्या. भाऊ पोट धरून हसले. मामा वाकले, एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. "आलाय खरा," ते म्हणाले आणि ताठ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा ती जुनी प्रसन्नता होती. त्या दिवशी मला घावणे मिळाले नाहीत.

मामांचा डावा डोळा आता दिवाळीनंतर करायचा आहे. गाडी उन्हात उभी केली की टेपखाली राहिलेल्या त्या बारीक रेषा अजून दिसतात आणि बॉनेटवर बारा चौकोन मोजता येतात. त्या आता जायच्या नाहीत. कुणी विचारलं की मामा सगळी हकिकत सांगतात, स्वतःची चूक वाढवून सांगतात, माझी गाळतात. शेवटी बाराव्या चौकोनावर बोट ठेवून म्हणतात, "हा आमच्या भाऊच्या हातचा." मग माझ्याकडे वळून हळूच विचारतात, "धुकं आहे का हो?"

"नाही, मामा," मी म्हणतो. "अजिबात नाही."